युरोपची वर्गणी आणि सत्तावीस घरांची सही

गेल्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेलो होतो, की युरोपियन युनियनने पैसे कुठून आणायचे हे युनियन एकटी ठरवू शकत नाही, सत्तावीस सभासद देशांतल्या प्रत्येकाला आपापल्या घरी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पण मग लक्षात आलं, आपल्याकडे कोणाचा भाऊ लिस्बनला, कोणाची सून इंग्लंडमधल्या स्विंडनला, तेव्हा हा विषय आपल्याला तसा बाहेरचा नाहीच. म्हणून या खेपेला एफडी, घरपट्टी आणि म्युटेशनचे प्रश्न बाजूला ठेवलेत, रागावू नका, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : माझा भाचा बरीच वर्षं स्विंडनला आहे. त्याच्याशी बोलताना कळलं की ब्रिटनने २०१५ साली 'युरोपियन युनियन फायनान्स ॲक्ट' नावाचा कायदा केला होता. युनियनचे पैसे युनियन गोळा करणार, मग त्यासाठी लंडनमध्ये कायदा कशाला? उगाच कागद वाढवायचे धंदे ना हे?
– एक वाचक, फोंडा

काका, तुम्ही फोंड्याचे म्हणजे देवस्थान कमिटी काय चीज असते ते तुम्हाला मी सांगायला नको. जत्रेचा खर्च कुठून येतो बघा. खाज्याची आणि खेळण्यांची दुकानं लागतात त्यांचं भाडं, ते सरळ देवाचं, त्यात कोणा महाजनाचा, म्हणजे देवळाच्या मानकरी घराचा, वाटा नाही. मग पावणी, म्हणजे लिलाव, त्यात पाच रुपयाचा नारळ पाचशेला जातो, ते पण देवाचं. आणि एवढं करून जे कमी पडतं ते महाजनांच्या घरांवर वाटून टाकायचं, ज्याची ऐपत जास्त त्याला जास्त. आता समजा कमिटीने ठरवलं की पुढच्या वर्षापासून ही वाटायची पद्धतच बदलूया. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, चहा होतो, आणि उठताना प्रत्येक जण म्हणतो, "घरी विचारून सांगतो हां." आणि एका जरी घरात म्हातारी अडून बसली तरी नवी पद्धत लागू नाही, जुनी चालू.

युनियनचं अगदी हेच. त्यांच्या करारात कलम ३११ आहे. त्यात म्हटलंय की युनियनचा खर्च तिच्या हक्काच्या उत्पन्नातून चालेल, 'ओन रिसोर्सेस' म्हणतात ते. पण ते उत्पन्न कुठलं, किती, कमाल मर्यादा काय, हे ठरवणारा निर्णय मंत्र्यांच्या कौन्सिलने एकमताने घ्यायचा, युरोपियन पार्लमेंटला फक्त मत विचारायचं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक देशाने आपल्या घटनेप्रमाणे त्याला मंजुरी दिल्याशिवाय तो लागूच होत नाही. म्हणजे युरोपच्या बाकी बहुतेक कायद्यांत बहुमताने काम भागतं, ब्रसेल्समध्ये, युनियनच्या मुख्यालयात, ठरलं की सगळ्यांना लागू, पण पैशाच्या मुळाशी हात घालायचा तर 'घरी विचारून सांगतो'. पहिला असा निर्णय एप्रिल १९७० मध्ये लक्झेम्बर्गला झाला, त्याच्या आधी सरळ सरळ वर्गणी होती.

ब्रिटनमध्ये घरी विचारायचं म्हणजे पार्लमेंटचा ॲक्ट. तिथे सरकार परदेशाशी करार करू शकतं पण तो करार देशात कायदा म्हणून चालायला पार्लमेंट लागतं. १९७२ चा जो मूळ युरोपियन कम्युनिटीज ॲक्ट होता त्यात मान्य केलेल्या करारांची यादी होती, पैशाचा नवा निर्णय झाला की त्या यादीत त्याचं नाव घालायचं, एवढंच त्या २०१५ च्या कायद्याचं काम. दोन-तीन कलमांचा कायदा, चहा थंड व्हायच्या आत वाचून होईल. पण गंमत अशी की एकदा नाव यादीत गेलं की पुढची सगळी वर्षं ब्रसेल्सला जाणारा पैसा सरकारी तिजोरीतून आपोआप निघायचा, त्यावर दर वर्षी वेगळं मतदान नाही. म्हणून खासदारांना 'नाही' म्हणायची जागा ही एवढीच, आणि ज्यांना युरोपच नको होता ते सगळे याच दोन-तीन कलमांवर तुटून पडायचे.

१९९४ चा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. दोन वर्षं आधी एडिनबरोला ठरलं होतं की युनियनच्या उत्पन्नाची मर्यादा १.२० टक्क्यांवरून हळूहळू १.२७ टक्क्यांवर न्यायची, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या. फरक किती? रुपयात सात पैसे पण नाही, शंभर रुपयात सात पैसे. त्यासाठी विधेयक आलं आणि पंतप्रधान जॉन मेजर यांच्याच पक्षातले लोक अडून बसले. मेजरनी सांगितलं की हे पडलं तर सरकार पडलं असं समजा. नोव्हेंबर १९९४ मध्ये मतदान झालं, विधेयक वाचलं, पण ज्या आठ जणांनी साथ दिली नाही त्यांना पक्षाच्या व्हिपमधून, म्हणजे संसदेतल्या गटातून, बाहेर काढलं, आणि आधीच काठावर असलेलं बहुमत आणखीच पातळ झालं. काही महिन्यांनी गुपचूप परत घेतलं म्हणा. घरच्या भांडणात असंच होतं.

आणि २०१५ च्या कायद्याची कथा तर त्याहून वर. ब्रिटनने मंजुरी दिली, बाकीच्यांच्या सह्या यायला वेळ लागला, आणि सगळ्या सह्या होऊन तो निर्णय प्रत्यक्ष लागू झाला १ ऑक्टोबर २०१६ ला, १ जानेवारी २०१४ पासून मागच्या तारखेने. तोवर ब्रिटनने जूनमध्ये मतदान करून घर सोडायचं ठरवून पण टाकलं होतं.

प्रश्न : 'ओन रिसोर्सेस' म्हणजे युनियन स्वतः टॅक्स लावते का? आणि हे आपल्या जीएसटीसारखंच झालं ना? माझ्या परीक्षेत तुलना करायला आलं तर काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, साखळी

परीक्षेत काय लिहायचं ते तुमच्या सरांना विचार बाय, मी मला कळतं तसं सांगतो.

नाव फसवं आहे. हक्काचं म्हणावं असं उत्पन्न त्यात एकच, आयातीवरची कस्टम ड्यूटी. बाहेरचा कंटेनर रॉटरडॅमला उतरला तर ड्यूटी डच कस्टमवाले घेतात, पण माल जातो कदाचित ऑस्ट्रियात, मग ती ड्यूटी डच लोकांची कशी म्हणायची? म्हणून ती युनियनची, वसुलीच्या मेहनतीचे २५ टक्के तेवढे त्या देशाने ठेवायचे. आमच्या लहानपणी पत्रादेवीच्या आणि पोळ्याच्या चेकनाक्यावर ट्रकांची रांग लागायची ना, तसा एक मोठा नाका सगळ्या युरोपच्या कडेने आहे असं समज.

दुसरं व्हॅटवरचं. प्रत्येक देशाच्या व्हॅटचा एक सारखा पाया हिशेबाने काढतात आणि त्याचे ०.३० टक्के. तिसरं २०२१ पासून प्लास्टिकचं, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे. आणि चौथं, जे सगळ्यात मोठं, ते म्हणजे प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात भरायची रक्कम, १९८८ मध्ये आलेली. बाकी सगळं धरून जे कमी पडेल ते यातून भरायचं, कारण युनियनला बजेटात तूट ठेवायची परवानगीच नाही. म्हणजे काय? महाजनांची वर्गणी! नाव हक्काचं उत्पन्न, आणि पोतं भरतं वर्गणीने. मला विचारशील तर हा शब्दच त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी ठेवलाय. सगळ्यात गंमत म्हणजे १९५२ साली जो कोळसा-पोलाद संघ सुरू झाला, युरोपच्या आधीचा तो युरोप, तो कोळशाच्या आणि पोलादाच्या कारखान्यांकडून थेट कर घ्यायचा. म्हणजे पाळण्यात होतं ते मोठेपणी गेलं.

मधे १९६५ ला युरोपियन कमिशनने, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्या मंडळाने, प्रयत्न केला होता की शेतमालावरच्या आयातकराचा पैसा थेट आपल्याकडे यावा. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या फ्रान्सला ते पटलं नाही, बाकी पण भांडणं होती, आणि फ्रान्सचे मंत्री सहा महिने मीटिंगलाच आले नाहीत. खुर्ची रिकामी. पुढे द गॉल सत्तेवरून गेले तेव्हा कुठे १९७० चा निर्णय झाला.

आता जीएसटी. सारखेपणा आहे, एकशे एकावी घटनादुरुस्ती संसदेत झाली तरी राज्यांच्या विधानसभांची संमती लागली, आपल्या गोवा विधानसभेने ३१ ऑगस्ट २०१६ ला ठराव केला. पण तिथेच फरक बघ. आपल्याकडे निम्म्या राज्यांनी हो म्हटलं की पुरे, गोव्याने नाही म्हटलं असतं तरी जीएसटी आलाच असता. तिकडे माल्टासारखा छोटा, आपल्याहून लहान देश अडला तर जर्मनी-फ्रान्सचं पण काम थांबतं. आणि दुसरं, आपल्या केंद्राला इन्कम टॅक्स, कस्टम हे घटनेनेच दिलंय, ते कोणाला विचारायला जात नाही, उलट राज्यंच फायनान्स कमिशनकडे वाटा मागायला जातात. पंधराव्या कमिशनने राज्यांना ४१ टक्के दिले, त्यात गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के. युरोपात हात उलटा आहे, केंद्रच राज्यांपुढे पसरतं.

प्रश्न : आमच्या मडगावचे बाबुश, म्हणजे आंतोनियो कोस्टा, पंतप्रधान असताना कोविडमध्ये पोर्तुगालला युरोपकडून खूप पैसा मिळाला असं ऐकलं. ते कर्ज कोणाच्या नावावर? कोण फेडणार?
– एक वाचक, मडगाव

आमचे काय आणि तुमचे काय, सगळ्या गोव्याचेच म्हणूया! त्यांच्या वडिलांकडच्या घराण्याचं घर मडगावात आबाद फारिया रस्त्यावर, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार.

२०२० मध्ये युरोपने ठरवलं की युनियनने स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज काढायचं, २०१८ च्या किमतीत ७५० अब्ज युरो, त्यातले ३९० अब्ज देशांना मदत म्हणून आणि ३६० अब्ज कर्जाऊ. पोर्तुगालात या पैशाला लोक 'बाझुका' म्हणायचे, तोफच. कर्ज फेडायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०५८. आता बँकेत कर्ज मागायला गेलं की मॅनेजर विचारतो, परत कुठून देणार, जामीन कोण? युनियनची पण तीच गत. म्हणून १४ डिसेंबर २०२० च्या नव्या ओन रिसोर्सेस निर्णयात मर्यादा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.४० टक्क्यांवर नेली आणि त्याच्यावर फक्त या कर्जासाठी आणखी ०.६ टक्का तात्पुरती जागा ठेवली. गरज पडली तर देशांकडून तेवढं मागता येईल, हाच जामीन. आणि जामीन म्हटलं की सही लागते, सत्तावीसच्या सत्तावीस घरांची. तोवर एक युरो उचलता येत नव्हता.

त्या सहा महिन्यांत, म्हणजे २०२१ च्या पहिल्या अर्ध्या वर्षात, कौन्सिलचं अध्यक्षपद नेमकं पोर्तुगालकडे होतं, त्यामुळे कोस्टांचं काम काय तर घरोघर जाऊन सही झाली का रे विचारणं. पोर्तुगालने स्वतः लवकर करून टाकली, ज्याला तोफ हवी तो सहीला कशाला उशीर करेल. पण बाकीच्यांनी घाम काढला.

जर्मनीत २५ मार्चला बुंडेस्टागने, म्हणजे खालच्या सभागृहाने, कायदा मंजूर केला, दुसऱ्या दिवशी वरच्या सभागृहाने, आणि त्याच दिवशी कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना सांगितलं, थांबा, सही करू नका. दोन हजारांवर नागरिकांनी तक्रार केली होती की युनियनने कर्ज काढणं हेच घटनेबाहेर आहे. सगळ्या युरोपचा श्वास अडकला, कारण जर्मनी म्हणजे सगळ्यात मोठा महाजन. तीनेक आठवड्यांनी एप्रिलमध्ये कोर्टाने स्थगिती नाकारली आणि रस्ता मोकळा झाला, मूळ खटल्याचा निकाल पुढे डिसेंबर २०२२ मध्ये लागला, तो पण सरकारच्या बाजूने. कर्ज रकमेने, मुदतीने आणि कारणाने बांधलेलं आहे, म्हणून चालेल, असं काहीसं त्याचं सार.

फिनलंडमध्ये संसदेच्या घटना समितीने म्हटलं की हा साधा निर्णय नाही, दोन तृतीयांश मतं लागतील. विरोधकांनी भाषणं लांबवत लांबवत दिवसांमागून दिवस घालवले, शेवटी मे महिन्यात पास झाला. पोलंडमध्ये सरकारातलाच एक पक्ष विरोधात गेला आणि डाव्या विरोधकांनी सरकारला हात दिला, म्हणजे आपल्याकडच्या आमदारांना सवयीचं वाटेल असं चित्र. पोलंड आणि ऑस्ट्रियाच्या वरच्या सभागृहांनी मे संपता संपता मान डोलावली, शेवटची दोन घरं तीच, आणि १ जून २०२१ ला निर्णय लागू झाला. हा पैसा कसा खर्च करायचा ती पोर्तुगालची योजना जूनच्या मध्यावर पहिल्या फटक्यात मंजूर झाली, १६.६ अब्ज युरो, त्यातले १३.९ अब्ज परत न द्यायचे.

कोण फेडणार विचारलंत. देशांनी जे उसने घेतले ते ज्याचे त्याने. मदत म्हणून दिलेले ते युनियनच्या बजेटातून, म्हणजे फिरून सगळ्यांच्या वर्गणीतून, नाहीतर नवीन काही उत्पन्न शोधून.

आपल्याकडे पण त्याच काळात काय झालं आठवतं का? कोविडमध्ये जीएसटीची भरपाई द्यायला पैसा नव्हता, तेव्हा जीएसटी कौन्सिलमध्ये बरीच भांडणं होऊन शेवटी केंद्राने राज्यांसाठी कर्ज काढलं, पहिल्या वर्षी १.१ लाख कोटी, दुसऱ्या वर्षी १.५९ लाख कोटी, आणि ते फेडायला सेसची मुदत २०२६ पर्यंत वाढवली. एका पण विधानसभेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला नाही. कुठलं चांगलं हे मला विचारू नका, पटकन काम होणं आणि घरी विचारणं यात दर वेळी माझं मत बदलतं.

प्रश्न : मी म्हापशाला प्लास्टिकच्या डब्यांचा होलसेल धंदा करतो. युरोपात प्लास्टिकवर किलोमागे टॅक्स आहे म्हणतात. आमच्यासारख्या दुकानदाराकडून घेतात काय?
– एक व्यापारी, म्हापसा

नाही, दुकानदाराकडून युनियन काही घेत नाही. देशात जेवढं प्लास्टिक पॅकिंग कचऱ्यात गेलं आणि रिसायकल झालं नाही, त्याच्या किलोमागे ८० सेंट तो देश युनियनला देतो, गरीब देशांना थोडी सूट आहे. ते पैसे देशाने कुठून आणायचे ही त्याची मर्जी. स्पेनने २०२३ पासून पॅकिंगवर स्वतःचा कर लावला, किलोला ४५ सेंट. इटलीने कायदा केला आणि मग पुढे ढकलत राहिला. बरेच जण सरळ तिजोरीतूनच देतात, म्हणजे ज्याने प्लास्टिक कमी वापरलं त्याच्या खिशातून पण जातं. आपल्या गोव्यात २०१३ चा ग्रीन सेसचा कायदा आहे तो वेगळा, तो सरळ प्रदूषण करणाऱ्या मालाच्या धंद्यावर. शेट, तुमचे डबे पुन्हा पुन्हा वापरतात लोक, लोणच्याला नाहीतर सोलांना, तुम्ही घाबरू नका.

प्रश्न : एखाद्या देशाने मंजुरी दिलीच नाही तर युनियन बंद पडते का?
– एक वाचक, पेडणे

नाही. जुना निर्णय चालू राहतो, त्याला शेवटची तारीख नसते. म्हणून तर नाही म्हणणाऱ्याचं वजन वाढतं, काही पडत-झडत नाही पण नवीन काही होत पण नाही, आणि मग त्याला खूश करायला काहीतरी द्यावं लागतं. मार्गारेट थॅचरनी १९८४ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लोला असंच करून घेतलं, जेवढं भरतो आणि जेवढं परत मिळतं त्यातल्या फरकाचे जवळजवळ दोन तृतीयांश ब्रिटनला परत. ब्रिटन गेलं तरी सवय गेली नाही, आज जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क या पाच जणांना वर्गणीत सूट आहे. सगळे श्रीमंत. जत्रेत पण हेच बघितलंय, सूट मागायला सगळ्यात आधी बंगलेवाला येतो.

प्रश्न : माझी मुलगी पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला नोकरी करते. तिच्या पगारातून युरोपचा टॅक्स कापतात का? आणि पुढे कापतील का? आई म्हणून काळजी वाटते.
– एक वाचक, काणकोण

ताई, कापत नाहीत. युनियनला माणसाच्या पगारावर कर लावायचा अधिकारच नाही, तिच्या पगारातून जातो तो पोर्तुगालचा. हां, ती शंभर युरोची काही खरेदी करते तेव्हा त्यावर २३ टक्के व्हॅट भरते, आणि त्याच्या हिशेबातून मोटामोटी तीस सेंट पोर्तुगाल युनियनला देतो असं धरून चाला, पण ते बिलावर कुठे दिसत नाही.

पुढचं विचाराल तर जुलै २०२५ मध्ये कमिशनने २०२८ नंतरसाठी नवीन यादी मांडली आहे. त्यात तंबाखू आहे, जुन्या मोबाईल-फ्रिजचा गोळा न झालेला कचरा आहे, वर्षाला १०० दशलक्ष युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्या आहेत. पगार नाही. आणि ती यादी पण आधी सगळ्या देशांनी एकमताने मान्य करायची आणि मग सत्तावीस घरांत फिरायची. आता देशांचे प्रमुख ज्या युरोपियन कौन्सिलमध्ये बसतात त्याचे अध्यक्ष डिसेंबर २०२४ पासून कोस्टाच आहेत, म्हणजे घरोघर विचारत फिरायचं काम परत आपल्या बाबुशच्याच गळ्यात.

मुलीला सांगा, सिगारेट ओढत नसेल तर निवांत राहा.